बिनभिंगाचा कॅमेरा

कौलारू घराच्या माजघरांत दुपारच्या वेळीं छपरांतून जे कवडसे जमिनीवर उतरतात, ते वाटोळे असतात. वरची फट त्रिकोणी असो, लांबट असो, कीं फुटक्या कौलाच्या कडेसारखी वेडीवांकडी असो. खालचा कवडसा वाटोळाच, आणि सूर्य कललेला असला तर फार तर अंड्यासारखा लांबट. पिढ्यान्‌पिढ्या मुलें या कवडशांशीं खेळलीं, मांजरांनीं त्यांवर झडपा घातल्या. पण फट वांकडी असतां कवडसा वाटोळा कां, हा प्रश्न फार थोड्या घरांतून विचारला गेला असेल. उत्तर असें कीं, कवडसा ही फटीची आकृती नव्हेच. ती सूर्याची प्रतिमा आहे. फट व कवडसा यांमध्यें जितकें अंतर असेल, त्याच्या सुमारें १०८ व्या हिश्श्याइतका त्या प्रतिमेचा व्यास भरतो. सूर्य माथ्यावर आणि छप्पर सव्वातीन मीटर उंच असेल, तर कवडसा तीन सेंटिमीटरांचा. खंडग्रास ग्रहणाच्या दिवशीं याचा पुरावा आंगणांतल्या झाडाखालीं कोणासही मिळतो. पानांमधून पडलेला एकूणएक कवडसा कोरीच्या आकाराचा होतो आणि सारें आंगण कोरींनीं भरून जातें. अकराव्या शतकाच्या आरंभीं कैरो येथें राहणाऱ्या इब्न अल्-हैथम या गणितज्ञानें या ग्रहणकोरींवर एक स्वतंत्र निबंधच लिहिला होता.

प्रकाश सरळ रेषेंत जातो, एवढ्या एका गोष्टींत याचें सारें मर्म आहे. झाडाच्या शेंड्याकडून निघालेला किरण लहानशा छिद्रांतून जातांना खालीं उतरतो आणि समोरच्या भिंतीच्या तळाशीं पोंचतो. बुंध्याकडचा किरण वर चढतो. डावीकडचा उजवीकडे जातो. म्हणून अंधाऱ्या खोलींत भिंतीवर बाहेरच्या जगाचें उलटें चित्र उमटतें. हंपीच्या विरूपाक्ष देवालयाच्या मागील बाजूस असलेल्या एका अंधाऱ्या दालनांत भिंतीवर पूर्वेकडील गोपुराची उलटी सांवली पडते, ती अनेक मराठी यात्रेकरूंनीं पाहिली असेल. सुमारें ५० मीटर उंचीचें गोपुर तेथें शिखर खालीं करून लोंबकळतांना दिसतें. पुजारी किंवा वाटाडे त्याला चमत्कार म्हणोत. त्या दालनास कॅमेरा म्हणावयास कांहीं हरकत नाहीं. त्यांत उणें एवढेंच कीं, भिंतीला तें चित्र धरून ठेवतां येत नाहीं. भिंतीच्या जागीं प्रकाशानें काळवंडणारा कागद ठेवला आणि खोलीच्या जागीं पत्र्याचा डबा घेतला, कीं सूचिछिद्र कॅमेरा तयार झाला.

आजच्या घरांतून प्रत्येक खिशांत कॅमेरा असतांना हा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. याचें उत्तर वादानें देण्यापेक्षां डब्यानें देणें बरें. ज्या मुलानें आपल्या हातानें छिद्र पाडून, त्यांतून आलेल्या प्रकाशानें उमटलेलें आपल्या घराचें चित्र लाल दिव्याखालीं पाण्यांत हळूहळू वर येतांना पाहिलें, त्याला प्रकाशाच्या धड्याची घोकंपट्टी करावी लागत नाहीं. मात्र सुटीच्या दिवसांत मोठ्या हौसेनें आरंभिलेलें हें काम पुष्कळदां पहिल्याच कागदावर आटोपतें. कागद कोराच निघतो किंवा काळाकुट्ट निघतो, मूल हिरमुसतें, वडील मंडळी "जाऊं दे, तयार संच विकत आणूं" म्हणतात, आणि डबा पुन्हां डाळीकडे जातो. याचें कारण बहुधा हात वाईट हें नसतें. निर्णयांचा क्रम चुकलेला असतो. आधीं हातीं लागेल त्या सुईनें भोक पाडावयाचें, मग तें कोठें बसवावें याचा विचार करावयाचा, आणि कागद किती वेळ उघडा ठेवावयाचा तें अंदाजानें ठरवावयाचें, हा उलटा मार्ग झाला. आधीं डबा, म्हणजे छिद्रापासून कागदापर्यंतचें अंतर. त्या अंतरावरून छिद्राचें माप. आणि त्या दोहोंवरून वेळ, असा क्रम धरला तर पहिल्या दिवशींच कांहीं तरी ओळखूं येण्याजोगें चित्र मिळतें.

डब्याच्या निवडींत मतें भिन्न आहेत. आगपेटीचा कॅमेरा दिसावयास मोठा मौजेचा. त्यांत ३५ मिलिमीटरची फिल्म एका रिळांतून दुसऱ्या रिळांत सरकवितां येते आणि एका भरणींत अनेक चित्रें मिळतात. परंतु पुठ्ठ्याच्या सांध्यांतून प्रकाश शिरतो, फिल्म संपूर्ण अंधारांत हाताळावी लागते, आणि चित्र टपालाच्या तिकिटापेक्षां फारसें मोठें येत नाहीं. नवशिक्यानें तिच्या वाटेस न जावें. जोड्यांचें खोकें मोठें असतें, तथापि तेंही पुठ्ठ्याचें. शिवाय सपाट खोक्याचा आणखी एक दोष आहे. त्यांतील कागदाच्या मध्यावर प्रकाश सरळ पडतो आणि कडेला तिरपा होऊन, अधिक दूर जाऊन पडतो. ४५ अंशांच्या कोनावर तो मध्याच्या केवळ चौथा हिस्सा उरतो. चित्राचे कोपरे त्यामुळें अंधारे येतात.

घरांतील सर्वांत उत्तम कॅमेरा म्हणजे दुधाच्या भुकटीचा किंवा कॉफीचा, घट्ट झांकणाचा, पत्र्याचा गोल डबा. छिद्र त्याच्या पोटावर, उंचीच्या मध्यावर पाडावयाचें आणि कागद समोरच्या आंतल्या भिंतीला वांकवून लावावयाचा. येथें भूमिति मदतीस धांवून येते. कडेचा कागद छिद्राच्या अधिक जवळ आलेला असतो, त्यामुळें तिरपेपणानें जो प्रकाश कमी व्हावा तो जवळिकीनें भरून निघतो, आणि आडव्या दिशेनें कागदावर प्रकाश जवळजवळ सारखा पडतो. याची किंमत अशी कीं, सरळ रेषा वांकतात. समोरची चाळ धनुष्यासारखी येते. ज्यांना चाळ सरळच हवी त्यांनीं खोकें घ्यावें. मुलांना मात्र वांकलेली चाळ अधिक आवडते, असा अनुभव आहे.

आतां छिद्र. येथें एक समजूत सर्वत्र आढळते, आणि ती अर्धीच खरी आहे: छिद्र जितकें बारीक तितकें चित्र रेखीव. मोठ्या छिद्रांतून प्रत्येक बिंदूचा एक जाडसर ठिपका पडतो, आणि छिद्र लहान केलें कीं ठिपका लहान होतो, येथपर्यंत ती बरोबर आहे. परंतु प्रकाश हा तरंगरूप असल्यामुळें फारच अरुंद वाटेंतून जातांना तो कांठांवरून पसरूं लागतो. एका मर्यादेपलीकडे छिद्र लहान केलें तर ठिपका उलट मोठा होतो, आणि वेळही वाढतो: छिद्राचा व्यास निम्मा केला तर कागद चौपट वेळ उघडा ठेवावा लागतो. म्हणजे श्रमही वाढले आणि चित्रही बिघडलें. या दोन ओढींच्या मध्यें कोठें थांबावयाचें, याचा विचार इंग्रज पदार्थविज्ञानवेत्ता लॉर्ड रॅले यानें १८९१ सालीं सूचिछिद्र छायाचित्रणावरील आपल्या लेखांत केला. हवेंतील आर्गॉन वायूच्या शोधाबद्दल १९०४ चें नोबेल पारितोषिक ज्याला मिळालें, तोच हा गृहस्थ. त्याच्या नांवानें चालणारा नियम असा आहे: छिद्र ते कागद हें अंतर मिलिमीटरांत घ्यावें, त्याला प्रकाशाच्या तरंगलांबीनें, म्हणजे ०.०००५५ नें गुणावें, गुणाकाराचें वर्गमूळ काढावें आणि त्याची १.९ पट करावी. येईल तो छिद्राचा व्यास.

गणिताचा कंटाळा असणारांनीं एवढेंच लक्षांत ठेवावें कीं, ५० मिलिमीटर अंतरास ०.३२, १०० स ०.४५, १५० स ०.५५ आणि २०० स ०.६३ मिलिमीटर छिद्र शोभतें. अंतर चौपट झालें तेव्हां छिद्र केवळ दुप्पट झालें, हें येथें दिसून येईल. हाच नियम किती दूरवर चालतो तें कॅलिफोर्नियांत २००६ सालीं दिसलें. तेथें कांहीं छायाचित्रकारांनीं लढाऊ विमानांची एक रिकामी शाळाच कॅमेरा बनविली, सहा मिलिमीटरांच्या आंतलें छिद्र ठेवलें आणि ३५ मिनिटें उघडें ठेवून १०७ फूट रुंद व ३१ फूट उंच कापडावर चित्र घेतलें. सहा मिलिमीटर छिद्राला रॅलेच्या नियमानें सुमारें १८ मीटर अंतर लागतें. म्हणजे एवढें चित्र घ्यावयास विमानशाळाच हवी होती.

डब्याच्या जाड पत्र्यांत थेट छिद्र पाडूं नये. जाड पत्र्यांतील छिद्र हें बोगद्यासारखें होतें व कडेचे किरण अडवितें. पत्र्यांत पेन्सिल जाईल एवढें मोठें भोक पाडून त्यावर आंतून पातळ पत्र्याची चकती बसवावी. शीतपेयाच्या रिकाम्या डब्याचा ॲल्युमिनियमचा पत्रा कात्रीनें कापला जातो व या कामीं पुरेसा होतो. पितळेचा पातळ पत्रा मिळाल्यास अधिक चांगला. चकती जाड पुठ्ठ्यावर ठेवावी आणि सुईच्या टोंकानें नुसती टेंकवून खळगा पाडावा, आरपार जाऊं नये. मग चकती उलटवून वर आलेला फुगवटा अगदीं बारीक कांचकागदानें हळूहळू घासावा. पत्रा तेथें झिजत जातो आणि कांहीं वेळानें टिंबाएवढी वाट आपोआप उघडते. आतां सुई तीत घालून चकती बोटांत फिरवावी, म्हणजे भोक वाटोळें होतें. शिवणकामाची दहा नंबरची सुई सुमारें ०.४५ मिलिमीटर जाड असते. ती पुरती आरपार गेली कीं दहा सेंटिमीटरांच्या डब्याला हवें तें माप झालें. बारा नंबरची सुई याहून बारीक. पुन्हां एकदां घासावें, फुंकर मारावी, आणि भिंगाखालीं धरून पहावें. कडेला केंसासारखा पत्र्याचा तंतु राहिला असेल तर तोही चित्रांत आपली खूण ठेवतो. हें सर्व काम अर्ध्या तासाचें आहे, आणि तें मुलाकडून करवून घ्यावें; वडिलांनीं सुई हातीं घेतली कीं कॅमेरा वडिलांचा झाला.

डबा आंतून काळा करावयाचा. चकचकीत रंग कामाचा नाहीं. शाळेच्या फळ्याला देतात तो मंद काळा रंग सर्वांत चांगला. चकतीची आंतली बाजूही काळी करावी, मात्र छिद्रांत रंग जाऊं देऊं नये. छिद्रावर बाहेरून विजेच्या तारांना गुंडाळतात ती काळी चिकटपट्टी लावली कीं झांकण झालें. एक टोंक दुमडून ठेवावें म्हणजे उघडतांना डबा हलत नाहीं. पिचकणारें प्लॅस्टिकचें झांकण असेल तर त्यावरही काळा कागद डकवावा, कारण प्लॅस्टिकमधून उजेड झिरपतो आणि हें डोळ्यास दिसत नाहीं.

कागद छायाचित्रांच्या छपाईचा, कृष्णधवल, घ्यावा. फिल्मपेक्षां तो फार मंद असतो, आणि येथें मंदपणाच हवा आहे. शिवाय लाल उजेडांत तो हाताळतां येतो. रात्रीची वेळ, न्हाणीघर, एक लाल दिवा आणि तीन थाळ्या, एवढ्यांत घरची अंधारखोली होते. लाल दिसणारा प्रत्येक दिवा मात्र निर्धोक नसतो. कागदाच्या तुकड्यावर एक नाणें ठेवून तो पांच मिनिटें त्या दिव्याखालीं ठेवावा आणि मग डेव्हलपरमध्यें टाकावा. नाण्याची वाटोळी खूण उमटली तर दिवा बदलावा. पहिल्या थाळींत डेव्हलपर, दुसरींत पाण्यांत थोडा व्हिनेगर, तिसरींत हायपो, आणि शेवटीं वाहतें पाणी. डेव्हलपर महाग वाटल्यास झटपट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्व यांचें मिश्रणही चित्र वर आणतें; अमेरिकेंत रॉचेस्टर येथील तंत्रविद्यालयांत १९९५ सालीं हा कॉफीचा प्रयोग निघाला. त्याचा वास मात्र कॉफीसारखा नसतो.

आतां वेळेचा हिशेब. अंतराला छिद्राच्या व्यासानें भागावें. १०० ला ०.४५ नें भागलें तर सुमारें २२२ येतात. छायाचित्रकार ज्याला एफ-संख्या म्हणतात ती हीच. स्वच्छ उन्हांत एफ-१६ वर, वेगसंख्या ६ असलेल्या कागदास सेकंदाचा सहावा हिस्सा पुरतो. २२२ ला १६ नें भागून वर्ग केला तर सुमारें १९२ होतात. १९२ चा सहावा हिस्सा ३२ सेकंद. म्हणजे लख्ख उन्हांत अर्धें मिनिट, ढगाळ हवेंत दोन ते चार मिनिटें, ओट्यावरील सांवलींत त्याहून अधिक, आणि घरांत घेतल्यास तासांचा मामला. डबा विटेवर ठेवून वर दुसरी वीट ठेवावी. हातांत धरून काम होत नाहीं. अर्ध्या मिनिटांत समोरून चालत गेलेली माणसें चित्रांत मुळींच येत नाहींत आणि गजबजलेला रस्ता निर्मनुष्य दिसतो. ज्या आजोबांना चित्रांत यावयाचें असेल त्यांनीं खुर्चीत बसून भिंतीला डोकें टेंकावें. हा कागद लाल रंगाला आंधळा आहे, म्हणूनच तो लाल दिव्याखालीं चालतो. तेव्हां आजीचें लाल लुगडें चित्रांत काळें येईल, त्याबद्दल डब्यास दोष देऊं नये.

पहिला कागद धुतल्यावर जें दिसेल त्यावरून पुढील वाट कळते, आणि येथेंच धीर सोडावयाचा नसतो. सारा कागद काळा झाला तर एक तर वेळ फार झाला किंवा डबा गळतो. कशामुळें तें ओळखण्यास दुसरा कागद भरून, छिद्र न उघडतां, डबा दहा मिनिटें उन्हांत फिरवावा. तोही काळा निघाला तर झांकण संशयित. एकाच कडेला काळा पट्टा आला तर सांधा त्या बाजूस उघडा आहे. सारा कागद पांढराच राहिला तर छिद्र बुजलें असेल, वेळ अपुरा झाला असेल, किंवा कागदाची पाठ छिद्राकडे गेली असेल. लाल दिव्याखालीं चकचकीत बाजू कोणती हें चुकणें सोपें आहे. चित्र फिकें आलें तर वेळ दुप्पट करावा. पाव किंवा दीड पटीचे फरक या कामीं दिसतही नाहींत. कागदावर जें येतें तें निगेटिव्ह असतें, आकाश काळें आणि खिडक्या पांढऱ्या. कोऱ्या कागदावर तें तोंडाशीं तोंड ठेवून कांचेखालीं दाबलें आणि क्षणभर दिवा लावला, कीं सरळ चित्र मिळतें. मोबाइलनें प्रत घेऊन रंग उलटे करणेंही सोपें आहे, परंतु मुलाला एकदां तरी कांचेखालचा मार्ग दाखवावा.

हें चित्र भिंगाच्या चित्राइतकें रेखीव कधींच येत नाहीं. तो दोष कीं गुण, याविषयीं जुना वाद आहे. १८९० सालीं लंडनच्या प्रदर्शनांत जॉर्ज डेव्हिसन यानें कांद्याच्या शेताचें सूचिछिद्रानें घेतलेलें चित्र खरबरीत कागदावर छापून मांडलें, तेव्हां धूसरपणाला कला म्हणावें काय, यावर छायाचित्रकारांत मोठी खडाजंगी झाली. डब्याच्या बाजूनें एक गोष्ट सांगतां येते: भिंगाला जवळचें किंवा दूरचें यांतलें एक निवडावें लागतें, छिद्राला उंबरठ्यावरची चप्पल आणि समोरचा डोंगर सारखेच दिसतात.

ज्यांना थाळ्या आणि हायपो यांचा त्रास नको, त्यांच्यासाठीं याच डब्याचा आणखी एक उपयोग आहे. त्यांत तोच छपाईचा कागद घालून डबा महिनेच्या महिने गच्चीवर बांधून ठेवावा. दररोजचा सूर्य कागदावर एक कंस ओढून जातो. ढगाळ दिवशीं कंस तुटतो. कागद धुवावा लागत नाहीं, प्रकाशानेंच तो रंगतो. इंग्लंडांत हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या बेफर्डबरी वेधशाळेंत रेजिना व्हाल्कनबर्ग या विद्यार्थिनीनें २०१२ सालीं पेयाचा एक रिकामा डबा दुर्बिणीवर बांधला आणि ती विसरून गेली. सप्टेंबर २०२० मध्यें तो काढला तेव्हां त्यांत आठ वर्षांचे २,९५३ कंस उमटलेले होते. डबा बांधावयाचा तो मात्र आपल्या गच्चीवर. अटलांटा शहरांत २०१६ सालीं विद्यार्थ्यांनीं असाच एक डबा पुलाला चिकटविला. पोलिसांना तो बाँब वाटला, हमरस्ता बंद पडला आणि बाँबविरोधी पथकानें डबा उडवून दिला.

महाराष्ट्रांत या कामाला पाऊस आडवा येतो, आणि सूर्यही थोडा आडवा येतो. मे ते जुलै या काळांत दुपारचा सूर्य आपल्याकडे माथ्यावरून किंचित उत्तरेस जातो, त्यामुळें दक्षिणेकडे तोंड केलेल्या डब्यांतील कागदाबाहेर त्याचा माग जातो. २२ डिसेंबरच्या सुमारास डबा बांधावा आणि होळीला काढावा, हें बरें. मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरांतही दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारें ४७ अंश वर असतो, म्हणून डबा दक्षिणेकडे तोंड करून थोडा वर कलता बांधावा. छिद्र यासाठीं बारीकच चालतें, सुईचें नुसतें टोंक. छिद्रांतून सूर्याकडे डोळा लावून पाहण्याचा मोह मुलांना होईल, तो कटाक्षानें टाळावा. डबा काढल्यावर कागद हायपोंत घालूं नये, त्यानें रंग उडतो. मंद उजेडांत तो काढून स्कॅनरवर ठेवावा आणि पहिल्याच फेरींत प्रत घ्यावी, कारण स्कॅनरचा दिवाही त्याला काळवंडवितो. आणि लगेच काळ्या पाकिटांत घालून वर तारखा लिहाव्या, डबा बांधल्याची व काढल्याची.